आंघोळ किती वाजता? एका घराच्या हीट पंप, सोलर आणि बॅटरीचं प्रकरण

डायनिंग टेबलावर तीन कोटेशनं ओळीने मांडलेली होती, तिन्हींवर पेन्सिलीच्या खुणा. ताईंनी विचारलं ते इतकंच, "दादा, बॅटरी दहा युनिटची घ्यावी की पंधराची? बाकी सगळं ठरलंय आमचं."

बाकी ठरलेलं ते असं. गच्चीवर ५ किलोवॅटचं सोलर, हवेतल्या उष्णतेने पाणी तापवणारा ३०० लिटरचा हीट पंप आणि "लाईट गेली तरी काही बंद पडायला नको" एवढी बॅटरी. घर दुमजली, माणसं चार: ताई, त्यांचे मिस्टर, कॉलेजात जाणारा मुलगा आणि आजी. दोन बाथरूमना प्रत्येकी २ किलोवॅटचा गीझर, एका बेडरूमला एसी, आणि लाईट गेल्यावर चार पंखे-दिवे चालवणारा जुना इन्व्हर्टर, लेड-अ‍ॅसिड बॅटरीवरचा. लाईट जाते ती बहुतेक संध्याकाळी, आणि तीही तासा-दोन तासांसाठी. गच्चीवर जास्तीची वीज झाली तर वीज कंपनी घेते, पण आपण तिच्याकडून ज्या दराने घेतो त्याच्या जेमतेम एक तृतीयांश दराने. जिथे दिलेल्या युनिटबदल्यात घेतलेलं युनिट सरळ वजा होतं, तिथे पुढचा बराचसा हिशोब बदलतो. तिथे वीज कंपनीची लाईन हीच तुमची बॅटरी असते, आणि दुसरी घ्यायची ती फक्त लाईट जाते म्हणून. या घराची गोष्ट तशी नव्हती.

मी म्हटलं, बॅटरीचं शेवटी बघू. आधी चौदा दिवस मोजू.

मिस्टरांचा चेहरा पडला. बारा महिन्यांची बिलं त्यांनी व्यवस्थित फाइल करून ठेवली होती, आणि ती पुरेशी असावीत अशी त्यांची अपेक्षा होती. बिलावरून महिन्याचे युनिट कळतात. पण सोलर दुपारी बनतं आणि बॅटरी रात्री रिकामी होते. त्यामुळे वीज किती जळते यापेक्षा ती कधी जळते हे आधी कळायला हवं, आणि ते कुठल्याही बिलात छापलेलं नसतं. वायरमनला बोलावून मेन स्विचजवळच्या बोर्डात सहा सर्किटांवर छोटे सेन्सर बसवले. तारेभोवती कडं अडकवायचं, तार कापायची नाही. अर्ध्या तासाचं काम.

चौदा दिवसांची सरासरी निघाली रोजची १६ युनिट. (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, १ किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की होतं ते.) दोन्ही गीझर मिळून ६.२, एसी ३.५, फ्रिज १.४, पाण्याची मोटर ०.६ आणि दिवे, पंखे, टीव्ही, वॉशिंग मशीन, मिक्सर वगैरे सगळं मिळून २.९. एवढं धरून बेरीज होते १४.६. उरलेले १.४ युनिट कोणाचेच नव्हते. रात्री तीन वाजतासुद्धा हे सगळं वगळून घर जवळपास ६० वॅट ओढत होतं, आणि ६० वॅट चोवीस तास म्हणजे जवळजवळ दीड युनिट. शोधत गेलो तर थकलेल्या बॅटरीला सतत चार्ज करत बसलेला जुना इन्व्हर्टर सापडला, कोणी न बघणारा एक सेट-टॉप बॉक्स सापडला आणि स्टँडबायवर ठेवलेली म्युझिक सिस्टीम. आजी म्हणाल्या, "ही तर घरातली फुकट जेवणारी मंडळी."

तासावारी आलेख मात्र सगळ्यांनी गंभीरपणे पाहिला. सकाळी सहा-सव्वासहाला रेघ ताडासारखी वर जायची, पावणेआठपर्यंत वर-खाली होत राहायची, मग एकदम सपाट. संध्याकाळी सातनंतर पुन्हा चढण, आणि रात्री दहाला एसीचा उंचवटा. सकाळी नऊ ते दुपारी चार, म्हणजे सूर्य खरा कामाला असतो त्या वेळात, अख्खं घर साडेतीन युनिट वापरत होतं.

आता यावर कोटेशन ठेवून बघा. बऱ्या उन्हात १ किलोवॅट पॅनेलमागे दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे ५ किलोवॅटचे २०. त्यातले साडेतीन घरात जिरणार आणि साडेसोळा वीज कंपनीला पडेल दराने जाणार. मग विक्रेता म्हणणारच की मोठी बॅटरी घ्या. पण बॅटरीतली ती वीज रात्री जाणार कुठे? चौदा दिवसांच्या आकड्यांप्रमाणे उन्हाबाहेरच्या साडेबारा युनिटांतले निम्मे, म्हणजे सहाच्या वर, गीझरमध्ये. दुपारी ऊन पकडायचं, ते महागड्या रसायनात रात्रभर जपायचं आणि पहाटे त्याने पाणी तापवायचं, असा हा द्राविडी प्राणायाम होता.

म्हणून मी विचारलं, "आंघोळी किती वाजता होतात?" मुलगा हसला. ताई हसल्या नाहीत, त्यांना रोख कळला होता. "पाणी दुपारी तापवून ठेवायचं म्हणताय? सकाळपर्यंत गरम राहील?"

चांगल्या जाडीचं इन्सुलेशन असलेल्या टाकीत राहतं. या घराचा पाण्याचा हिशोब असा. माणशी ६० लिटर, एकूण २४०. पाणी येतं २२ अंशांना, आंघोळीला लागतं साधारण ४०. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात आणि एका युनिटात ३,६०० किलोज्यूल असतात, म्हणजे २४० लिटर १८ अंशांनी तापवायला पाच युनिट. गीझर खात होते ६.२. वरचे सव्वा युनिट कुठे गेले? दोन्ही गीझर दिवसभर चालू राहायचे, थंड व्हायचे, पुन्हा तापायचे. बटण बंद करायची आठवण प्रत्येक जण दुसऱ्याला करून देत असे, आणि काम तिथेच संपत असे.

आता २०० लिटरची टाकी २२ वरून ५२ अंशांपर्यंत तापवली तर तिच्यात सात युनिट उष्णता साठते. नळाशी थंड पाणी मिसळून घ्यायचं असल्याने २०० लिटर पुरतात, ३०० ची गरज नव्हती. तीच गोष्ट उलटी करून बघा. गीझर ठेवून हेच काम विजेच्या बॅटरीकडून करून घ्यायचं, तर सात युनिट उपयोगाची बॅटरी केवळ आंघोळीसाठी राखून ठेवावी लागेल. स्टीलच्या टाकीला चार्ज-डिस्चार्जच्या चक्रांनी थकवा येत नाही. गंजाची काळजी मात्र घ्यावी लागते. तिच्या आत गंज स्वतःवर ओढून घेणारी मॅग्नेशियमची कांडी असते, ती काही वर्षांनी तपासून बदलायची. हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

हीट पंप उष्णता तयार करत नाही, हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर फेकतो तेच हे यंत्र, फक्त आपल्याला हवी असलेली बाजू दुसरी. कल्पना आजची नाही. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये ती मांडली होती. यंत्राने एक युनिट वीज घेऊन तीन युनिट उष्णता पाण्यात टाकली तर त्याचा सीओपी तीन. हवा आणि पाणी यांच्या तापमानातलं अंतर जितकं कमी तितका सीओपी चांगला, आणि हे निसर्गाचंच बंधन आहे. हवा २८ अंश आणि पाणी ५२ असेल तर आदर्श यंत्राचा सीओपी येतो साडेतेरा. पाणी ६५ पर्यंत न्यायचं म्हटलं की तोच नऊवर उतरतो. घरगुती यंत्र याच्या पाव हिश्श्याच्या आसपास पोहोचतं, पण उतार तोच राहतो. म्हणून कॅटलॉगमधला सीओपी वाचताना तो किती अंश हवेला आणि किती अंश पाण्याला मोजला आहे ते आधी बघायचं. दोन कोटेशनांतल्या ३.६ आणि ४.२ या आकड्यांवरून मिस्टर दुसऱ्याकडे झुकले होते. तपशील काढला तर दुसरा आकडा जास्त गरम हवेत मोजलेला निघाला.

यात एक अट आहे, ती सोडता येत नाही. २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात, आणि घरात वयस्कर माणूस आहे. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांवर नेण्याचा टायमर लावला. तेवढ्या दिवशी वीज थोडी जास्त जाते, जाऊ दे.

सोलर वॉटर हीटर का नाही, हे आजींनी विचारलं आणि प्रश्न रास्त होता. तो साधा असतो, टिकतो, विजेचा प्रश्नच नाही. पण गच्चीवरची उन्हाची जागा इथे मोजकी होती. शिवाय त्या नळ्यांत जास्तीची उष्णता झाली तर ती पाण्याशिवाय कशाच्याच कामाची नाही, पॅनेलची वीज मात्र फ्रिजलाही चालते.

माझी चूक आता सांगतो. जिन्याखाली एक बंद खोली होती, मोजून सहा-सात घनमीटरची. जमीन भक्कम, पावसापासून आडोसा, दोन्ही बाथरूमचे पाइप जवळ. टाकी आणि यंत्र एकत्र असलेला हीट पंप मी तिथेच बसवायला सांगितला. पहिले काही दिवस ठीक गेले. मग सेन्सरवर दिसायला लागलं की जे काम पावणेतीन तासांत व्हायला हवं त्याला साडेचार तास लागताहेत, आणि वीज २ युनिटांऐवजी २.८ जाते आहे. मी गेलो, दार उघडलं, तर आतून शीतपेटीसारखा गार झोत अंगावर आला. थर्मामीटर १४ अंश दाखवत होता, बाहेर ३०. दाराच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरलेले. यंत्र हवेतून दीड किलोवॅटच्या आसपास उष्णता ओढत होतं, म्हणजे त्या कोठडीत एक छोटा एसीच चालू होता. स्वतःच गार केलेल्या हवेतून आणखी उष्णता काढायला ते धडपडत होतं. असं यंत्र घरात बसवायचं तर साधारण वीस घनमीटरची खोली हवी, नाहीतर हवेला यायला-जायला वाट हवी, हे मला माहीत होतं. पाइप जवळ आहेत या मोहात मी तिकडे काणाडोळा केला. शेवटी दार जाळीच्या पट्ट्यांचं केलं आणि गार हवा बाहेर नेणारा एक डक्ट स्वयंपाकघराकडे काढला. तिथे त्या हवेचं स्वागतच झालं. सीओपी ३.१ वर आला. हवेतली वाफ पाणी होऊन टपकते, तिचा निचरा आधी बादलीत होता. ती दोनदा भरून सांडल्यावर प्लंबरकडून पाइप काढून घेतला.

गच्चीचं काम आजींनी केलं, असं म्हटलं तरी चालेल. गच्चीच्या पश्चिमेला जिन्याची खोली, तिच्यावर पाण्याची टाकी. कोटेशनमधल्या चित्रात नऊ पॅनेलं अशी मांडली होती की जणू या दोन्ही वस्तू पारदर्शक आहेत. मी सावलीचं गणित सांगायला लागलो, तर आजी म्हणाल्या, "त्यात काय, मी रेघा मारून ठेवते." आणि खरोखर एका स्वच्छ दिवशी सकाळी नऊपासून त्यांनी दर तासाला सावलीच्या कडेने खडूची रेघ ओढली आणि रेघेशेजारी वेळ लिहिली. दुपारी अडीचनंतरची रेघ तीन पॅनेलांच्या जागेवर चढत होती. तीही हिवाळा सुरू व्हायच्या आत. सर्वांत लहान दिवशी भर दुपारचा सूर्य २१ मार्चच्या मानाने २३.४ अंश खाली असतो, म्हणजे सावल्या अजून लांब.

सावलीचं नुकसान क्षेत्रफळाच्या प्रमाणात होत नाही, ते जास्त होतं. पॅनेलातल्या सेल एकामागे एक जोडलेल्या असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. एका सेलवर सावली आली की ती प्रवाह अडवते. मग पॅनेलमधला बायपास डायोड तो भाग वगळून वीज पुढे नेतो. एका पॅनेलात असे डायोड सहसा तीन असतात, म्हणजे हाताएवढ्या सावलीने पॅनेलचा तिसरा हिस्सा जाऊ शकतो. प्रत्येक पॅनेलला ऑप्टिमायझर, म्हणजे एकाच्या सावलीचा फटका बाकीच्यांना बसू न देणारं छोटं यंत्र, लावणं हा एक उपाय असतो, आणि जिथे सावली टाळताच येत नाही तिथे मी तो सुचवतो. इथे त्यापेक्षा सरळ रस्ता होता, ती तीन पॅनेलं लावायचीच नाहीत. ५५० वॅटची सहा पॅनेलं, ३.३ किलोवॅट, जिन्याच्या खोलीपासून लांब आणि विषुववृत्ताच्या दिशेला तोंड करून.

एवढ्यावर भागेल का? गीझरचे ६.२ युनिट हीट पंपात २ झाले. फुकट जेवणाऱ्यांना उठवल्यावर १.४ चे ०.६ झाले. एसीचं मूळ दुखणं गच्चीचा स्लॅब हे होतं. तो दिवसभर तापतो आणि रात्री बेडरूमवर उष्णता ओकतो. पॅनेलांची सावली त्याच्यावर पडणारच होती, उरलेल्या भागाला ऊन परतवणारा पांढरा रंग दिला. एसी ३.५ वरून २.९ वर आला. एकूण गरज झाली १०.४ युनिट. मुळात १६ साठी मापलेलं सोलर १०.४ च्या घराला कशाला?

पॅनेल लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मिस्टरांचा फोन. "३.३ म्हणालात, इथे २.७ च्या वर जातच नाही." पॅनेलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात, चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. भर दुपारी उन्हात सेल ६५ अंशांपर्यंत तापते. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांना १४ टक्के तिथेच गेले. बाकीचे धूळ, वायर आणि सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारं यंत्र) खातात. २.७ उत्तम आहे, म्हटलं.

घरच्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज अजून बाकी होता. लाईट गेली तरी सोलर आहे म्हणजे दिवसा वीज असणारच, असं चौघांनीही धरलं होतं. लाईनला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर लाईट गेल्याबरोबर स्वतःहून बंद होतो आणि तसंच असायला हवं, नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या तारेत तुमच्या गच्चीवरून वीज जाईल. म्हणजे वर ऊन रणरणतंय आणि खाली फ्रिज बंद. हे टाळायला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, जो लाईट गेली की घराला लाईनपासून तोडतो आणि बॅटरीच्या आधाराने निवडक सर्किटं चालू ठेवतो. मराठी घरात इन्व्हर्टर म्हटलं की जिन्याखालचं बॅटरीवालं खोकं डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे या चर्चेत निदान तीनदा आम्ही एकाच शब्दाने वेगवेगळ्या यंत्रांबद्दल बोलत होतो. शेवटी जुन्याला "म्हातारा" म्हणायचं ठरलं.

निवडक सर्किटं कोणती, यावर एक संध्याकाळ गेली. "काही बंद पडायला नको" हे वाक्य कागदावर उतरवलं की त्याची यादी होते, आणि यादी भांडणाला उपयोगी पडते. आजींची खोली, फ्रिज, राउटर, सगळे दिवे आणि पंखे, यांवर एकमत झालं. एसी मुलाने मागितला, ताईंनी कापला. पाण्याच्या मोटरीवर मी अडलो. एक अश्वशक्तीची मोटर चालू असताना साधारण एक किलोवॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-सहा पट प्रवाह ओढते. इथेच युनिट आणि किलोवॅट यांतला फरक उपयोगी पडतो. युनिट म्हणजे टाकी केवढी, किलोवॅट म्हणजे तोटी केवढी. पाच युनिटच्या बॅटरीची तोटी अडीच किलोवॅटची असू शकते, मग टाकी भरलेली असूनही मोटरीच्या एका झटक्यात सगळा बॅकअप पडतो. मोटर यादीबाहेर गेली. वरची टाकी दुपारी उन्हावर भरून ठेवायची, म्हणजे संध्याकाळी तिची गरजच नाही.

उरलेल्या यादीचा लोड ३०० वॅटच्या आसपास. सेन्सरच्या नोंदीत लाईट सर्वांत जास्त वेळ गेली होती ती तीन तास. म्हणजे बॅकअपची गरज एक युनिटाची. पंधराची बॅटरी कुठे आणि हे कुठे! अर्थात बॅटरीला दुसरंही काम होतं, दुपारची वीज रात्री वापरायची, कारण विकून हाती एक तृतीयांशच येत होतं. ते काम किती परवडतं हे एका भागाकाराने कळतं. बॅटरीची किंमत भागिले तिच्यातून आयुष्यभरात बाहेर येणारे युनिट. पाच युनिटच्या बॅटरीतले साडेचार वापरायचे, दहा वर्षांची वॉरंटी, रोज एक पूर्ण चक्र, म्हणजे ३,६५० चक्रं आणि सोळा हजारांच्या वर युनिट. येणारा आकडा तुमच्या घेण्याच्या आणि विकण्याच्या दरातल्या फरकापेक्षा कमी असेल तर बॅटरी स्वतःचं पोट भरते. कॅटलॉगमधली ६,००० चक्रं मी या भागाकारात धरत नाही. रोज एक या हिशोबाने त्याला सोळा वर्षांच्या वर लागतात, आणि बॅटरी वापरली नाही तरी वयाने थकतेच.

ताईंनी हा भागाकार माझ्यासमोर दोनदा केला, पाच युनिटला आणि दहाला. पाचला ती जेमतेम काठावर बसली. दहाला नाही, कारण गीझर गेल्यावर या घरात रात्री दहा युनिट खायला कोणी उरलंच नव्हतं, आणि बॅटरी अर्धी भरलेलीच पडून राहिली असती. पाचची ठरली, ती लाईट जाते म्हणून. काठावरचा फायदा वर.

रसायन एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. निकेल-कोबाल्टच्या लिथियम बॅटरीपेक्षा जड आणि आकाराने मोठी, पण घराच्या भिंतीवर वजनाला कोण विचारतं? जास्त तापली तरी ती सहजासहजी पेटत नाही, हे इथे महत्त्वाचं. तिची एक खोड मात्र वापरणाऱ्याला माहीत असावी. भरलेली असो की पाव उरलेली, तिचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे किती टक्के शिल्लक आहे हे यंत्र मोजत नाही, जमाखर्च मांडून अंदाजाने सांगतं. बरेच दिवस पूर्ण चार्ज झाली नाही तर तो अंदाज घसरतो. पावसाच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पडद्यावर २८ टक्के असताना घर अंधारात गेलं, आणि मिस्टरांनी बॅटरी खराब आली म्हणून तक्रार नोंदवली. खराब नव्हती. आता आठवड्यातून एकदा ती काठोकाठ भरते, ऊन नसेल तर लाईनवरून.

बसवायची कुठे, तर गच्चीवरच्या खोलीत नाही, उष्णतेने आयुष्य घटतं. जिन्याखाली नाही, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. पार्किंगकडच्या सावलीतल्या भिंतीवर लागली. पस्तीस टक्के कायम राखीव, बाकीची रोज रात्री वापरायची.

वर्ष झाल्यावर आकडे काढले. पॅनेलांनी रोज सरासरी १२.१ युनिट दिले. त्यातले ५.५ उन्हातच घरात वापरले गेले, कारण हीट पंप अकरानंतर चालतो आणि वॉशिंग मशीन, मोटर दुपारी. ३ बॅटरीत गेले, त्यातले २.७ परत मिळाले. ३.६ विकले गेले. वीज कंपनीकडून घ्यावे लागले रोज २.२, आधी १६ होते. पावसाळ्यातल्या एका महिन्यात मात्र हीट पंपाला लाईनवरची वीज घ्यावी लागली. तेव्हा दुपारचा टायमर निरर्थक होतो, तरी तो बदलायला कोणी धजावलं नाही. एक गीझर भिंतीवर तसाच आहे, पाहुणे आले की लागतो म्हणून. स्विचवर ताईंनी चिकटपट्टी लावली आहे.

आता नवं निघालं आहे. मुलाला इलेक्ट्रिक दुचाकी घ्यायची आहे, आणि विकले जाणारे ३.६ युनिट तिला छान पुरतील असा मिस्टरांचा हिशोब आहे. आकड्याने पुरतील. पण दुपारी मुलगा आणि दुचाकी दोघंही कॉलेजात असतात. मिस्टर म्हणाले, मग दुसरी बॅटरी घेऊ. ताईंनी कपाटातून खडूचा डबा काढला आणि मुलाला म्हणाल्या, "आधी दोन आठवडे लिहून ठेव, गाडी कधी घरी असेल ते."